कार्यालयाबाहेरचे बाकडे

आपल्या शाळेच्या कार्यालयाबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत, एक लाकडी बाकडे आहे. शेजारी तिवईवर पाण्याचा माठ आणि दोन पेले आहेत. ज्या माजी विद्यार्थ्यांनी १९९४ पूर्वी शाळा सोडली त्यांना हे बाकडे आठवणार नाही, कारण तेव्हा ते नव्हते. संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी 'विद्यार्थ्यांच्या भावी वाटचालीविषयी चार शब्द' लिहावेत असे आम्हास कळविले. इतिहासाच्या शिक्षकाकडून अशा वेळी महापुरुषांचे दाखले आणि सनावळ्यांची अपेक्षा असते. त्या पुढे येतीलच. आरंभ मात्र या बाकड्यापासून करणे आम्हास भाग आहे, कारण ते आमच्या एका चुकीतून तिथे आले आहे.

नोकरीस लागून आम्हास तेव्हा दोन वर्षे झाली होती. दिवाळीनंतरचे दिवस. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या होत्या. मुकादमाची उचल घेतलेली, बैलगाड्या ट्रकवर चढलेल्या, आणि घरातील लेकरांचे काय करावयाचे हा प्रश्न दरवर्षीप्रमाणे रस्त्यावर उभा. अशाच एका दुपारी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एक गृहस्थ आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन शाळेत आले. चपला फाटकाजवळ काढून ते कार्यालयाच्या पायरीखाली उन्हात उभे राहिले. आम्ही हजेरीपटाची बेरीज करीत होतो. त्यांनी दोनदा खाकरून आपण आल्याचे सुचविले. आम्ही मान वर न करता म्हणालो, "प्रवेशाची तारीख जुलैतच गेली." बेरीज पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

ते गेले नाहीत, तसे काही बोललेही नाहीत. अर्धा-पाऊण तास ते बाप-लेक तसेच उभे होते.

तेवढ्यात भोजनगृहातील मावशी धान्याचा हिशेब द्यावयास आल्या. सारी शाळा त्यांना मावशीच म्हणत असे. त्यांनी त्या गृहस्थांकडे पाहिले, हिशेबाची वही पायरीवर ठेवली, मागे गेल्या आणि स्वयंपाकघरातील स्टूल व पाण्याचा तांब्या-पेला घेऊन आल्या. "दादा, उन्हातून आलात. बसा आधी, पाणी घ्या," एवढेच त्या म्हणाल्या. त्या गृहस्थांनी सवयीने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. मावशींनी पाणी ओतले नाही. भरलेला पेलाच त्या ओंजळीत ठेवला.

त्यांचा समाज कोणता, हे आम्ही येथे लिहीत नाही. ज्यांना ओंजळीचा अर्थ कळतो त्यांना ते विचारण्याची गरज नाही.

पाणी पिऊन झाल्यावर मावशींनी त्यांना सांगितले की मुख्याध्यापक तालुक्याला गेले आहेत, चारच्या एस.टी.ने येतील, तोवर थांबा, लेकराला जेवू घालते. मुख्याध्यापक आले, त्यांनी दाखला पाहिला, मुलगा पाचवीत दाखल झाला. आमच्या उत्तरावर ते गृहस्थ परत फिरले असते तर दुसऱ्या दिवशी तो मुलगा आईबापांबरोबर ऊसाच्या फडात असता. त्या दुपारी कार्यालयात इतिहासाचा एक एम.ए. बसला होता. मुलाची वाट ज्यांनी वळविली त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या.

संध्याकाळी मावशींनी आम्हास रागावून काही म्हटले असते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त विचारले, "गुरुजी, तुमचे वडील तुम्हाला शाळेत घालायला आले होते, तेव्हा ते कुठे उभे होते?" आम्हास ते चांगलेच आठवत होते. पुढच्या पगारातून गावातल्या सुताराकडून आम्ही ते बाकडे करून घेतले. त्यात मोठेपणा काही नाही. तो दंड होता.

सत्कार समारंभांतून हल्ली एक वाक्य फार ऐकू येते : 'आयुष्यावर विश्वास ठेवा, ते तुम्हाला योग्य वाटेवर आणून सोडते.' आमच्या मुलांना हे वाक्य आवडते. परीक्षेत थोडक्याने हुकलेल्या, भरतीत नाकारल्या गेलेल्या मुलाला त्यात दिलासा वाटतो. आम्हास मात्र ते ऐकताना घशात काहीतरी अडकल्यासारखे होते. ज्या समाजाला शतकानुशतके 'हे तुमचे प्राक्तन आहे, मागल्या जन्मीचे फळ आहे, निमूट भोगा' असे सांगण्यात आले, त्याने 'आयुष्य नेईल तिकडे जा' हा उपदेश तपासल्याशिवाय कसा स्वीकारावा? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपल्या आजी-आजोबांनी ज्या गोष्टी मागे टाकल्या त्यांत दैवावरचा हा भरवसाही होता.

तरीही तीस वर्षे एकाच शाळेत काढल्यावर एक गोष्ट नाकारता येत नाही. वाटा वळतात. आखलेला रस्ता बंद होतो आणि माणूस कधीच न ठरविलेल्या ठिकाणी पोहोचतो, आणि पुष्कळदा तेथे तो चांगला रुजतोही. मग हे वळण घडविते कोण? दैव मानावयाचे नसेल तर तथागतांनी दिलेले उत्तर आपल्यापाशी आहे. जे काही घडते ते कारणांच्या आणि परिस्थितीच्या आधाराने घडते. आधार बदलला की घडणारी गोष्टही बदलते. प्रतीत्यसमुत्पाद या मोठ्या शब्दाचा शाळेतील मुलांना समजेल असा अर्थ आम्ही एवढाच सांगतो. ही कारणे नेहमी मोठी असतात असे मात्र नाही. कधी ते कारण पाण्याच्या एका पेल्याएवढे असते. आयुष्यावर विश्वास ठेवावयाचा तो अशा पेल्यांवर, आणि ते पुढे करणाऱ्या हातांवर.

परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहावे असे आम्हास फार दिवस वाटत होते. आपण ते चरित्र संघर्षाचे म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. परंतु बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात ज्या आठवणी लिहिल्या त्या बहुतेक दारांच्या, पाण्याच्या आणि राहण्याच्या जागेच्या आहेत. १९०१ सालची गोष्ट. वडील गोरेगावला नोकरीस होते आणि मुले साताऱ्याहून त्यांना भेटावयास निघाली. मसूर स्टेशनवर ती उतरली, तर घ्यावयास कोणीच आले नव्हते. मुलांनी धाडलेले पत्र वडिलांच्या नोकराने त्यांना दिलेच नव्हते, तो विसरला होता. मुले चांगल्या कपड्यांत होती. स्टेशनमास्तर जवळ आला, आपुलकीने चौकशी करू लागला. आपण महार आहोत असे मुलांनी सांगताच त्याचा चेहरा बदलला आणि तो मागे फिरला. पुढे तो पुन्हा आला, गाडीची सोय होते का ते पाहू लागला, पण भाडे मिळत असूनही गाडीवान तयार होईनात. अखेर एक जण तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनीच हाकावी, आपण बाजूने पायी चालू, या अटीवर. वाटेत जेवणाची शिदोरी होती, पण पाणी कोणी दिले नाही. नऊ-दहा वर्षांचे लेकरू त्या रात्री तहानलेले राहिले.

वर्गात हा प्रसंग शिकविताना आम्ही त्या स्टेशनमास्तरपाशी नेहमी थांबतो. त्याच्यापाशी सौजन्य नव्हते असे म्हणता येत नाही. ते होते, आणि त्याच्या पहिल्या प्रश्नात ते दिसलेही. पण ते कपड्यांना होते, मुलांना नव्हते. असे सौजन्य आजही पुष्कळ आहे.

आता त्याच बाळपणातील दुसरी गोष्ट. मुंबईत आल्यावर शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसत असत. त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळुस्कर येत. शिक्षक, लेखक, वयाने कितीतरी मोठे. त्यांनी त्या वाचणाऱ्या मुलाची चौकशी केली, पुढे त्याला पुस्तके दिली, आणि सत्कारप्रसंगी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र त्याच्या हाती ठेवले. हा सत्कार चरित्रकार १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा म्हणून सांगतात, तर 'द बुद्धा अँड हिज धम्म'साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी तो इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा म्हणून नोंदविला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने असे फरक लपवू नयेत. पुस्तक दिले गेले, याविषयी मात्र दोन मते नाहीत. पुढे केळुस्करांनीच त्यांना सयाजीराव महाराजांपर्यंत नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बागेतील एका बाकावर वाचत बसलेल्या अनोळखी मुलाजवळ एक वडीलधारा माणूस थांबला. बुद्धचरित्र त्या हातात पडले ते त्यानंतर. तेथून दीक्षाभूमीपर्यंतचे अंतर जवळजवळ अर्धे शतक आहे, आणि ते अंतर केळुस्करांनी कापून दिले असे कोणी म्हणणार नाही. पण त्या रस्त्यावरचे ते एक कारण होते.

१९१७ चे वर्ष आम्हास सर्वांत अधिक विचार करावयास लावते. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून बाबासाहेबांना परतावे लागले. पुस्तकांचे सामान वेगळ्या बोटीने निघाले होते. महायुद्धाचा काळ होता, ती बोट बुडविली गेली. करारानुसार बडोद्यास नोकरीवर हजर झाले तर राहावयास जागा नाही. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते कसेबसे राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव जिन्यावरून वर आला. सायंकाळपर्यंत जागा सोडा, असे फर्मान सुटले. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेला हा विद्वान त्या दिवशी दोन मित्रांकडे आसरा मागावयास गेला. एक हिंदू होता. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती होता. तो म्हणाला, पत्नीला विचारावे लागेल. दोघांपैकी कोणीही लाठी उचलली नाही, कोणी अपशब्द बोलले नाही. बाबासाहेब कमाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

जिन्यावरच्या लाठ्यांपेक्षा त्या दोन सभ्य नकारांनी आमची झोप अधिक वेळा उडविली आहे. लाठीला विरोध करता येतो. 'पत्नीला विचारावे लागेल' याला काय उत्तर द्यावे?

आमच्याही पदरी असा एक नकार आहे म्हणून हे लिहितो. एम.ए. झाल्यावर आमची इच्छा महाविद्यालयात शिकविण्याची होती. एका महाविद्यालयात मुलाखत झाली. प्रश्न विचारले गेले, उत्तरे पटली असे त्यांनीच सांगितले, चहा आला, बशीत बिस्किटे आली. मग गाव विचारले. गावावरून काही कळेना तेव्हा गावात घर कोणत्या बाजूला, असे विचारले. आम्ही सांगितले. त्यानंतर सर्वजण पूर्वीपेक्षाही गोड बोलू लागले. 'कळवू' असे सांगून एक प्राध्यापक आम्हास फाटकापर्यंत पोहोचवावयास आले. पत्र आले नाही. त्यानंतर या शाळेतील एक जागा 'वर्षभरापुरती' म्हणून घेतली, ते वर्ष अजून संपलेले नाही.

तेव्हा कोणी आम्हास विचारेल, की ते वळण चांगलेच ठरले ना? आयुष्याने योग्य जागी आणून सोडले ना? आम्ही शाळेत रमलो, हे खरे आहे. परंतु म्हणून तो नकार योग्य होता असे आम्ही म्हणणार नाही, आणि बडोद्याचा अपमान झाला नसता तर बाबासाहेब घडले नसते, असले व्याख्यानांत ऐकू येणारे वाक्य तर कोणीही उच्चारू नये. अपमानाने कोणी घडत नाही. बडोद्यानंतर बाबासाहेबांची वाट पुन्हा लंडनकडे वळली त्याला ओळखता येण्याजोगी कारणे होती. लंडन सोडतानाच प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळालेली होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली आणि त्या पगारातून बाबासाहेबांनी काटकसरीने पैसे साठविले. छत्रपती शाहू महाराजांनी साहाय्य केले. नवल भथेना या मित्राने ५,००० रुपये उसने दिले आणि १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा बोटीवर चढले. भथेना पारशी होते. ज्या समाजातील माणसांनी बडोद्यात लाठ्या उगारल्या त्याच समाजातील एका मित्राने हे पैसे काढून दिले. एखाद्या समाजाविषयी सरसकट बोलण्याची जीभ आवरावी ती अशा ठिकाणी.

शाहू महाराजांचा उल्लेख आला आहे तर त्यांच्या चहाची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे नावाचा एक नोकर राजवाड्याच्या पागेत होता. सवर्णांच्या हौदाचे पाणी त्याने घेतले म्हणून इतर नोकरांनी त्याला बेदम मारले. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामला नोकरीतून मोकळे केले आणि त्याला स्वतःचा चहाचा धंदा काढून दिला. पण अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? तेव्हा महाराज फेरफटक्यास निघाले की त्या हॉटेलासमोर गाडी थांबवीत, गंगारामला चहा मागत, स्वतः पीत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही प्यावयास लावीत. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा जाहीरनामा काढला होता. तो जाहीरनामा राज्याचा होता. हा चहा रस्त्यावरचा, दोन घोटांचा. दोन्ही एकाच माणसाने केले, आणि एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही.

येथे आमचे तरुण वाचक आम्हास अडवतील, आणि त्यांनी अडवावे. मागील वर्षी दहावीच्या एका विद्यार्थिनीने वर्गात उभे राहून विचारले, "सर, आपले लोक हजार वर्षे नम्रच होते. वाकून 'जोहार' घालत होते. आता आम्हीच पुन्हा सौजन्य का शिकायचे? ज्यांनी कधी दाखवले नाही त्यांना शिकवा." वर्ग हसला, आम्ही हसलो नाही. तिचे म्हणणे खरे आहे. जोहार हे सौजन्य नव्हते, ती वसुली होती. ती कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला जावयाची हे आधीच ठरलेले होते. कामठीच्या बाबू हरदासांच्या प्रयत्नांतून रूढ झालेल्या 'जय भीम' या अभिवादनाने ती वसुली बंद केली. आज आपल्याकडे लहान मूल आजोबांना 'जय भीम' म्हणते आणि आजोबाही त्याला 'जय भीम'च म्हणतात, दोघांचा शब्द एकच. आम्ही तिला इतकेच सांगितले की जो तुझ्याकडून जोहार मागेल त्याच्यापुढे अजिबात वाकू नकोस. पण भोजनगृहात ताट घासणाऱ्या काकूंना तू नावाने हाक मारतेस की 'ए' म्हणून, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो मला आज संध्याकाळी बघायचा आहे. ती खाली बसली. तिचे समाधान झाले की नाही, ते आम्हास ठाऊक नाही. झाले नसेल तर तीही चांगलीच गोष्ट आहे.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला सहा दिशांना नमस्कार करण्याचा खरा अर्थ सांगितला. आईवडील, गुरुजन, पत्नी व कुटुंब, मित्र, सेवक, श्रमण या त्या दिशा. शिष्याने गुरूसाठी उठून उभे राहावे हे त्यात आहे, आणि तेवढे आम्ही शिक्षक मंडळी आवर्जून शिकवितो. पण सेवकांविषयी मालकाची जी कर्तव्ये सांगितली आहेत ती आम्ही क्वचितच वाचून दाखवितो : शक्ती पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, वेळेवर सुटी द्यावी, आणि घरात काही गोडधोड झाले तर त्यातला वाटा द्यावा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या उपदेशात गोडाच्या वाट्याला जागा मिळाली, याचे आम्हास आजही नवल वाटते. आपल्या शाळेत बुद्धपौर्णिमेची खीर आधी स्वयंपाकघरातील मंडळींना वाढली जाते, ती पद्धत मुख्याध्यापकांनी या सुत्तावरूनच सुरू केली होती. अलीकडे ती कधी पाळली जाते, कधी राहून जाते. विद्यमान व्यवस्थापनाच्या कानावर हे या निमित्ताने घालून ठेवतो.

ज्या मुलाच्या हकिकतीने सुरुवात केली त्याचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. तो जिल्हाधिकारी झाला नाही. त्याला पोलीस व्हावयाचे होते. दहावीला मार्च २००० मध्ये गणितात तो नापास झाला आणि लाजेने गावीच बसला. निकालाचा कागद घ्यावयासही आला नाही. मुख्याध्यापकांनी त्याच्या गावी जाणाऱ्या मुक्कामी एस.टी.च्या कंडक्टरजवळ चिठ्ठी दिली. त्या कंडक्टरने रात्री जेवण्याआधी वस्तीवर चालत जाऊन ती चिठ्ठी मुलाच्या हातात दिली. हे त्याचे काम नव्हते. त्याचे नावही आम्हास ठाऊक नाही. मसूरच्या प्रवासातील ते न पोहोचलेले पत्र वर्गात शिकविताना आम्हास हा कंडक्टर आठवतो. मुलगा आला, ऑक्टोबरच्या परीक्षेला बसला, सुटला. पोलीस भरतीत उंचीत मागे पडला. मग आय.टी.आय.ला वायरमनचा अभ्यासक्रम केला, आणि आज एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात मोटारी दुरुस्त करतो. दोन मुलींना शिकवितो आहे.

ही गोष्ट येथेच थांबविली असती तर लेख गोड झाला असता. पण आमच्या खात्यावर दुसराही एक मुलगा आहे. आठवीत होता. नकाशे असे काढी की आम्ही ते वर्गात लावीत असू. गोदावरीचे वळण त्याने न बघता काढलेले आम्ही पाहिले आहे. १९९८ च्या दिवाळीला तो घरी गेला आणि परत आला नाही. आठवड्याने आम्ही म्हणालो, त्याच्या वडिलांना कार्ड टाकले पाहिजे. दुसऱ्या आठवड्यात सहामाहीचे पेपर तपासावयाचे होते. मग स्नेहसंमेलन आले. मार्चमध्ये हजेरीपटातून त्याचे नाव कमी करताना लक्षात आले, की कार्ड टाकावयाचे राहिले. मुख्याध्यापकांना सांगितले असते तर त्यांनी चिठ्ठी धाडलीच असती. आम्ही सांगितलेही नाही. पुढे त्याचे काय झाले ते आम्हास कळले आहे. ते येथे लिहिण्याचा अधिकार आम्हास नाही.

कार्ड पोहोचले असते तर तो आला असता, असे आम्ही म्हणू शकत नाही. घरी कर्ज होते, मुकादमाची उचल होती. एका पोस्टकार्डाने ते फिटले नसते. पण एक कारण कमी पडले, आणि ते आमच्या हातातले होते. त्या मुलाला कोणी 'आयुष्यावर विश्वास ठेव' म्हटले असते तर त्याने कोणाकडे बघून ठेवावयाचा होता?

आपले माजी विद्यार्थी आज पुण्या-मुंबईस, नागपुरास, काही परदेशांतही आहेत. स्मरणिकेसाठी त्यांच्याकडून देणग्या आल्या, त्याबद्दल संस्था ऋणी आहे. आम्हास मात्र त्यांच्याकडे देणगीहून वेगळे काही मागावयाचे आहे. आपल्या शाळेतील बारावी झालेला मुलगा शहरात येतो, तेव्हा त्याच्या खिशात तुमच्यापैकी एखाद्याचा नंबर असतो. तो फोन लावतो. तुम्ही मीटिंगमध्ये असता, हे आम्ही समजू शकतो. नंतर परत फोन करा. दोन मिनिटे बोला. नोकरी देता येत नसेल तर नाही म्हणा, पण वसतिगृहाचा पत्ता सांगा, कोणत्या बसने जावयाचे ते सांगा, जेवला आहेस का ते विचारा. गेल्या वर्षी एक मुलगा तीन दिवस अशा एका फोनची वाट पाहून परत आला. आम्ही त्याला विचारले, काय झाले? तो म्हणाला, "सर, साहेब चांगलेच बोलले होते पहिल्यांदा. नंतर उचलला नाही." तो रागावलेला नव्हता, उलट साहेबांची बाजूच मांडत होता. आम्हास कमाठी बाग आठवली.

पालकांनाही एक विनंती. आपण शाळेत याल तेव्हा पायरीखाली उभे राहू नका. बाकडे आहे, त्यावर बसा. कोणी शिक्षक मान वर न करता बोलला तर त्याला नाव विचारा. तो शिक्षक आम्ही असलो तरी विचारा.

मावशी २०११ साली निवृत्त झाल्या. त्या आता लेकीकडे असतात. शाळेची पाण्याची मोटार वर्षातून दोनदा तरी बिघडते, आणि फोन केला की तो वायरमन रविवारी पहाटेच्या गाडीने येतो. मजुरी घेत नाही. काम होईपर्यंत मुलांना विजेच्या जोडण्या समजावून सांगतो. काम संपल्यावर हात धुऊन तो त्या बाकड्यावर बसतो. आम्ही आतून हाक मारतो, अरे आत ये, खुर्चीवर बस. तो म्हणतो, "राहू द्या सर, इथं बरं आहे." मग माठातले पाणी पेल्यात घेतो, आणि शेजारी कोणी पालक बसले असतील तर आधी तो पेला त्यांच्या हातात देतो.